मनगटावरचा आकडा आणि अर्धशक्ती

आषाढात पाऊस स्थिरावला की कोल्हापूर परिसरातील तरुण-प्रौढांची पावले पन्हाळगडाकडे वळतात. इ. स. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा भेदून छत्रपती शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी आपला देह ठेवला. त्या स्मृतीस वंदन करण्यासाठी पन्हाळा ते पावनखिंड ही सुमारे पन्नास किलोमीटरची वाट मसाई पठार, कुंभारवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी अशी चालली जाते. बहुतेक मोहिमा हे अंतर दोन दिवसांत पार करतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांनी एव्हरेस्ट सर केल्यापासून हिमालयाची ओढही आपल्याकडे वाढली आहे. या दोन्ही वाटांवर निघण्यापूर्वी तंदुरुस्तीचा दाखला मागण्यासाठी येणारी व्यक्ती अलीकडे एक नवा साक्षीदार बरोबर आणते. तो म्हणजे तिच्या मनगटावरील बहुउपयोगी घड्याळ.

उंची, हवेचा दाब, दिशा, नाडीची गती, रक्तातील ऑक्सिजन, झोपेचा दर्जा, इतकेच नव्हे तर 'आज तुमची शक्ती किती शिल्लक आहे' याचाही आकडा हे यंत्र दाखविते. "डॉक्टर, घड्याळात सगळे हिरवे आहे, आपण फक्त सही करा," असे रुग्ण म्हणतो तेव्हा वैद्याने काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम या यंत्राविषयी तुच्छता बाळगण्याचे कारण नाही, हे नमूद केले पाहिजे. घड्याळ आणि नाडी यांची गाठ वैद्यानेच घातली. सर जॉन फ्लॉयर या इंग्लंडमधील वैद्याने नाडी मोजण्यासाठी साठ सेकंद चालणारे घड्याळ बनवून घेतले व १७०७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे तरी काय घडले? ज्या नाडीपरीक्षेचा आपण अभिमान बाळगतो, तिचे स्वतंत्र वर्णन बृहत्त्रयीत नसून पुढे शार्ङ्गधरसंहितेत येते. उपयुक्त साधन मागाहून आले म्हणून आपल्या पूर्वसूरींनी ते नाकारले नाही. ते पारखून घेतले. तीच पारख आज आपल्याकडून अपेक्षित आहे.

पारख करायची तर यंत्राचे कार्य समजले पाहिजे. गिर्यारोहकांच्या घड्याळातील उंचीमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो. साधारणपणे आठ-नऊ मीटर चढल्यावर दाब एक मिलिबारने घटतो, या हिशेबावर तो उंची सांगतो. परंतु दाब चढणीमुळे घटला की येणाऱ्या पावसामुळे, हे त्यास कळत नाही. मुक्कामात रात्रीतून दाब पाच मिलिबारने उतरला, तर झोपलेला मनुष्य सकाळी चाळीसएक मीटर वर गेलेला दिसतो! म्हणून जाणकार पदयात्री ज्ञात उंचीच्या ठिकाणी घड्याळ पुन्हा जुळवून घेतात आणि मुक्कामात उंची अकारण वाढलेली दिसली तर पावसाची चाहूल ओळखतात. यंत्राची मर्यादा जाणणाऱ्यालाच यंत्र खरी माहिती देते.

नाडीच्या आकड्याचेही असेच आहे. घड्याळाच्या पाठीवरील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमी-अधिक शोषला जातो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल, मनगट थंडीने आकसले असेल, हातात काठी धरून चालणे सुरू असेल, तर ही मोजणी चुकते. जुलैच्या धारांत मसाई पठारावर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उपस्थित असतात. ऑक्सिजनच्या मापनात थंडीबरोबर त्वचेच्या वर्णाचाही प्रश्न येतो. सावळ्या त्वचेत, बोटावर लावावयाचे ऑक्सिमीटरदेखील कधी कधी प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखविते, हे २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांवरील अभ्यासातून पुढे आले. मग मनगटावरील आकड्यावर विसंबून कोणास वर चढण्याची अनुमती देणे कितपत योग्य ठरेल?

याहून महत्त्वाचा मुद्दा 'हिरव्या' मर्यादेचा. कमाल नाडीगती २२० मधून वय वजा करून काढण्याचा प्रघात आहे. साठ वर्षांच्या व्यक्तीस हे सूत्र १६० चा आकडा देते, तर २००१ मध्ये मांडले गेलेले दुसरे सूत्र १६६ चा. दोन्ही आकडे समूहाच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेली व्यक्ती त्या सरासरीपासून दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज असू शकते. त्यातच ती रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील गोळी घेत असेल, तर श्रम पराकोटीला पोहोचले तरी नाडी फारशी वाढणार नाही आणि घड्याळ हिरवेच राहील. ती गोळी चालू आहे का, हे घड्याळ विचारीत नाही. ते आपणच विचारावयाचे आहे.

त्रिविध परीक्षेच्या भाषेत सांगावयाचे तर हे घड्याळ स्पर्शनाचा एक अंश करते. दर्शन आणि प्रश्न या दोन परीक्षा त्याच्याकडे नाहीत. उंचीवरील आजाराचे निदान आजही जगभर डोकेदुखी, मळमळ, चक्कर व थकवा या लक्षणांची विचारपूस करूनच होते. हिमालयात ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा नियम पाळण्यास उंचीमापकाचे खचितच साहाय्य होते. परंतु डोके ठणकत असताना ऑक्सिजनचा आकडा चांगला आहे म्हणून पुढे चालू लागणे हा प्राणाशी खेळ आहे.

आपल्या शास्त्राने व्यायामाची मर्यादा आकड्यात सांगितलेली नाही. ती अर्धशक्तीत सांगितली आहे. काख, कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडणे, श्वास तोंडावाटे चालू होणे ही बलार्धाची लक्षणे. कोल्हापूरच्या तालमींतील वस्ताद पठ्ठ्याचा 'दम' पाहून त्यास थांबवितात, तेही याच न्यायाने. पावसात भिजलेल्या अंगावर घाम ओळखू येत नाही हे खरे. परंतु श्वास लपत नाही. चढणीवर 'जय भवानी, जय शिवाजी' ही घोषणा एका दमात पूर्ण होत नसेल, तर अर्धशक्ती ओलांडली असे समजून थांबावे. ही परीक्षा विनामूल्य आहे, तिला विजेची गरज नाही आणि ती त्या व्यक्तीपुरतीच खरी आहे.

येथे ऋतूचाही विचार हवा. अर्धशक्तीपर्यंतचा व्यायाम शास्त्राने शीतकाळी व वसंतात, तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यास सांगितला आहे. अन्य ऋतूंत तो त्याहूनही मंद असावा. वर्षा ऋतूत बल व अग्नी दोन्ही क्षीण असतात आणि आपली मोहीम नेमकी तेव्हाच असते. इतिहासाची तिथी आपण बदलू शकत नाही, बदलूही नये. मात्र तयारीचा काळ आपल्या हाती आहे. जूनच्या अखेरीस घड्याळ बांधून एकाएकी धावू लागणाऱ्यास वैद्याने स्पष्ट सांगावे की सराव हेमंतापासून हवा, आणि ज्याचा सराव नाही त्याने यंदा एकाच टप्प्यावर समाधान मानावे.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. सुई न टोचता रक्तशर्करा दाखविण्याचा दावा करणारी स्वस्त घड्याळे बाजारात आली आहेत. असे एकही घड्याळ अथवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा आकड्यावरून मधुमेही पदयात्रीने इन्सुलिनची मात्रा ठरविली तर वस्तीपासून दूर, चिखलाच्या वाटेवर काय ओढवेल, याची कल्पना आपणांस सहज येईल. अशी वस्तू आपल्या फडताळात ठेवू नये, आणि ग्राहकाने विचारल्यास खरे ते सांगावे. मोहिमेस निघालेल्या मधुमेही ग्राहकास बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणारे साधे यंत्र, त्याच्या पट्ट्या व खिशात साखर बाळगण्यास सुचवावे.

आता दाखल्याविषयी. घड्याळाची नोंद पाहण्यास हरकत नाही. विश्रांतीतील नाडीची काही आठवड्यांची नोंद उपयोगी पडते, आणि ती अकारण वाढलेली दिसली तर कारण शोधावे. परंतु सही करण्यापूर्वी नाडी स्वतः पाहावी, रक्तदाब मोजावा, चालू औषधे विचारावीत. चढताना छातीत जडपणा येतो का, दम लागून थांबावे लागते का, पूर्वी कधी भोवळ आली होती का, घरात कोणास अल्पवयात हृदयविकार झाला का, हे चार प्रश्न कोणासही चुकवू नयेत. एकाचेही उत्तर 'होय' आले तर घड्याळ कितीही हिरवे असो, हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत दाखला देऊ नये. रुग्ण नाराज होईल, कदाचित दुसऱ्या दारी जाईल. त्याची नाराजी आपण सोसू शकतो. परंतु दाखल्याच्या भरवशावर तो खिंडीकडे निघाला आणि वाटेत कोसळला, तर त्या कागदावर घड्याळाचे नाव नसेल, आपली सही असेल.