आधी घडलं काय, ते विचारा

गावात, घरात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाद रंगला की शेवटी कुणीतरी म्हणतंच, ‘ज्याचं त्याचं मत.’ मत असू द्या की. धरण हवं की नको, यावर खुशाल भांडा. पण धरणात कोणाची किती जमीन गेली, हा मताचा प्रश्न नाही. सातबारा काढा, मग बोला.

हाना आरेंट या तत्त्वचिंतक बाईंनी हा फरक सोसून ओळखला होता. ज्यूविरोधी प्रचाराचे पुरावे ग्रंथालयात बसून गोळा करतात म्हणून 1933 मध्ये बर्लिनमध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर त्यांनी जर्मनी सोडली. पुढे नागरिकत्वही गेलं. अमेरिकेचं मिळालं ते 1951 मध्ये.

1967 च्या ‘ट्रुथ अँड पॉलिटिक्स’ या निबंधात त्या फ्रान्सचे माजी पंतप्रधान क्लेमांसो यांचा किस्सा सांगतात. पहिल्या महायुद्धाचा दोष इतिहासकार कोणाला देतील, असं त्यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, ते ठाऊक नाही. पण जर्मनीने बेल्जियमवर नव्हे, तर बेल्जियमने जर्मनीवर स्वारी केली असं मात्र कोणी म्हणणार नाही. आरेंट बजावतात, एवढीही खात्री बाळगू नका. सत्ता पुरेशी एकवटली तर तेही पुसता येईल. लाल सेना उभारणाऱ्या ट्रॉट्स्कींची कामगिरी स्टालिनच्या रशियात इतिहासाच्या पुस्तकांतून पुसून टाकलीच होती.

भूमितीचा सिद्धांत हरवला तर उद्या कुणी डोकं लढवून पुन्हा शोधेल. घडलेली गोष्ट तशी सापडत नाही. ती साक्षीदारांमुळे आणि कागदांमुळे टिकते. म्हणून न्यायालय सत्तेच्या मुठीबाहेर असावं लागतं. राज्यकर्त्यांना नको असलेली गोष्टही तिथे सिद्ध होऊ शकते.

पण सगळं न्यायाधीशांवर सोडू नका. ग्रामसभा उठता उठता प्रोसिडिंग बुक फिरतं, घरी जायच्या घाईत आपण सही ठोकतो. कधी सहीच्या वर जागा कोरी असते आणि ठराव मागाहून लिहिला जातो. कळकळीची विनंती आहे, कोऱ्या जागेखाली सही करू नका. ठराव वाचून दाखवायला सांगा. विरोध केला असेल तर नावानिशी लिहून घ्या. ठराव आपल्या गटाच्या सोयीचा असेल तेव्हा तर जास्तच बारकाईने वाचा, कारण तिथेच आपण डोळेझाक करतो.

नंतर प्रत मागा. टाळाटाळ झाली तर 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पोच घ्या. 2005 च्या कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.