कीचक सापडला, सैरंध्री कुठे गेली?

साहित्यातले छुपे संदर्भ हुडकायची आपल्याकडे मोठी हौस. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं आणि लोकांनी त्यातली माणसं लगेच ओळखून काढली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, कंक झालेला धर्मराज म्हणजे मवाळ, स्वयंपाकघरातला बल्लव म्हणजे जहाल आणि सैरंध्री म्हणजे भारतमाता. खाडिलकर टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी, बंगालची फाळणी दोनच वर्षांपूर्वीची, त्यामुळे हे काही प्रेक्षकांच्या मनाचे खेळ नव्हते. सरकारलाही इशारा कळला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली.

मैत्रिणींनो, या उलगड्यात प्रत्येक पुरुषाला एक खरा माणूस नाहीतर खरा पक्ष मिळाला. बाईला मात्र देश व्हावं लागलं. बाई देश झाली की तिच्या अंगावर पडलेल्या हाताची तक्रार तिची राहत नाही, ती राष्ट्राची होते आणि तिचा सूड कोणी घ्यायचा यावर पुरुषांचे दोन पक्ष वाद घालतात.

मी मेळघाटात काम करते. चिखलदऱ्याला येणाऱ्या पर्यटकांना गाईड भीमकुंड दाखवतात आणि सांगतात, भीमानं कीचकाला मारून या दरीत टाकलं, म्हणून हा कीचकदरा, त्याचा चिखलदरा झाला. मला विचाराल तर हे नावांच्या सारखेपणावरून जुळवलेलं नातं असावं. विराटनगरी आमचीच, असं सांगणारी गावं देशात इतरही आहेत. राजस्थानात जयपूरच्या बाजूचं बैराट हे त्यातलं नावाजलेलं. पण गंमत अशी, की या गोष्टीत कीचक असतो, भीम असतो, दरी असते. भीमानं त्याला का मारलं, हे एका वाक्यात उरकतं.

विराटपर्व नीट वाचा. सैरंध्री राणी सुदेष्णेची केस विंचरणारी दासी आहे. राणीचा भाऊ, राज्याचा सेनापती तिच्या मागे लागतो. राणीच तिला मद्य आणायच्या निमित्तानं त्याच्या घरी धाडते. ती निसटून भर सभेत येते, तिथं तो तिला लाथ मारतो. राजा म्हणतो, तुमच्या भांडणाची मला माहिती नाही. धर्मराज म्हणतो, जा, खेळात विघ्न आणू नकोस. कीचक मेल्यावर त्याचे भाऊबंद तिलाच त्याच्याबरोबर जाळायला नेतात, आणि त्यातून वाचून आली तर राणीमार्फत निरोप मिळतो : नोकरी सोडून जा. ती तेरा दिवसांची मुदत मागते.

यात कर्झन शोधायला बुद्धी लागते. एका हॉटेलात भांडी घासणाऱ्या कोरकू मुलीला ओळखायला काहीच लागत नाही. मालकाच्या नातेवाइकाबद्दल ती बोलली, तेव्हा ‘आमच्या घरच्या भानगडी बाहेर नको’ म्हणून तिला हिशोब देऊन घरी पाठवलं गेलं. तिच्या बाजूनं बोललेल्या स्वयंपाक्यालाही!

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हाही असंच झालं. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव कोणाचं, याच्या शोधात वाचक असे गुंतले की त्या कथांतल्या मुली काय म्हणतात ते मागे पडलं.

योगायोगच शोधायचा तर मी एक देते. बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली बलात्कार झाला, तो जयपूरच्याच बाजूच्या भटेरी गावात. त्यातून पुढे १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा आला. बैराट आणि भटेरी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी माझ्या डोक्यातून ही जोडी जात नाही.

त्या कायद्यात घरकामगार बाईसुद्धा येते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते, साधारण तीन महिन्यांच्या आत, लेखी. आमच्या मुलीला लिहिता येत नाही. कायद्यानं अशा वेळी लिहून घ्यायला मदत करायची सोय ठेवली आहे, पण ही गोष्ट चिखलदऱ्यात तिला सांगणार कोण? अमरावती इथून ऐंशीएक किलोमीटर, घाट उतरून परतवाड्यावरून. भीमकुंडाकडे जायला मात्र पाट्या आहेत.