मिक्स्ड-यूज म्हणे!

लोअर परळच्या बिल्डरांचा लाडका शब्द म्हणजे 'मिक्स्ड-यूज'. एकाच टॉवरच्या आवारात दुकानं, ऑफिसं, हॉटेल, फ्लॅट. चालत कामाला जा, चालत घरी या. जणू यांनीच शोध लावला!

अहो, गिरणगावात दुसरं काय होतं? भोंगा झाला की कामगार चाळीतून चालतच गिरणीत जायचा. खाली वाणी, कोपऱ्यावर तालीम, एकट्या गड्यांसाठी बायकांनी चालवलेल्या खानावळी. याच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गेट होतं ते गिरणीला, वस्तीला नव्हतं. आता वस्तीच गेटच्या आत गेलीये.

स्मृतिरंजन करतोय असं समजू नका. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, संडासाला रांग... ते दिवस कुणालाच नको आहेत. मी स्वतः अशाच एका टॉवरमध्ये कोड लिहून पोट भरतो. उंचीशी माझं भांडण नाही. भांडण आहे हिशेबाशी.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो कधी नीट मिटलाच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. साधा, सरळ भागाकार. मग २००१ मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची! बांधकामाखालची जमीन हिशेबातून बाहेर. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन तेच ठेवलं, इनपुट बदललं. २००५ मध्ये हायकोर्टाने याला चाप लावला, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो काढला. सगळं कायदेशीर. पण न्याय्य?

टॉवरमुळे नोकऱ्या आल्या, हे खरंच आहे. पण हजारो माणसांची ऑफिसं मंजूर करताना ही माणसं कुठल्या जिन्याने उतरणार, हा प्रश्न कुणी विचारायचा? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. सर्व्हरची कपॅसिटी न बघता युजर वाढवले की सिस्टिम झोपते. इथे माणसं मेली.

म्हणून म्हणतो, मिक्स्ड-यूज हवंच, पण खरं. वाढीव एफएसआय पाहिजे ना? मग आधी स्टेशनपर्यंत रुंद, सगळ्यांना खुली वाट द्या. तळमजल्यावर बाकडी टाका, जिथे काही विकत न घेता बसता येईल. त्याच प्लॉटवर परवडणारी घरं बांधा. ऑफिस झाडणारी बाई दीड तास लोकल करून येणार असेल, तर चालत घरी जाण्याची जाहिरात नक्की कुणासाठी?

वापर मिसळलेत हो. माणसं कधी मिसळणार?