बांधावर थांबलेली शरियत

वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमच्या घराण्याची ४८ गुंठे भातजमीन आहे. तिचा इतिहास आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. पणजोबा खोताचे कूळ होते. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवला आणि कसणारा मालक मानला गेला. आजोबांनी जमिनीची किंमत हप्त्याहप्त्याने भरली, सातबाऱ्यावर आमचे नाव लागले. ‘कसेल त्याची जमीन’ हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

अभिमानाची गोष्ट इथे संपते. पुढची आम्ही कुणाला सांगत नाही.

आजोबा १९७९ साली वारले. मागे दादी, दोन मुलगे, दोन मुली. अब्बा आणि चाचा कुवेतला. अकरा पावसाळे तरवा काढला, लावणी केली, बांध घातले ते दादीने आणि दोन्ही फुफींनी. पीकपाहणीत नाव मात्र अब्बांचे! ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि अब्बा एका पिशवीनिशी परतले. त्या वर्षी आमच्या घरातली चूल पेटली ती फुफींनी पिकवलेल्या भातावर. आणि चारच वर्षांनी त्याच फुफींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर त्यांचे अंगठे घेतले गेले. मोबदला काय? ईदची एकेक साडी.

आम्ही शाळेत हिशेब शिकवतो, म्हणून हाही मांडतो. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे दादीला ६ गुंठे. उरलेल्या ४२ मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे अब्बा आणि चाचांना १४-१४, फुफींना ७-७. सूरे निसामध्ये हे वाटे ठरवून दिलेले आहेत आणि त्यांना अल्लाहच्या मर्यादा म्हटले आहे. मालमत्ता थोडी असो की फार, बाईचा वाटा आहेच, असेही तिथेच सांगितले आहे. मग ७ गुंठे कुठे गेले?

भाऊ म्हणतात, लग्नात जहेज दिले. जहेज वारसा नव्हे; शरियतने ते मागितलेलेही नाही. भाऊ म्हणतात, तिने खुशीने सोडले. ‘नाही’ म्हटले तर माहेरचा दरवाजा बंद होणार असेल, तर त्या अंगठ्याला खुशी म्हणायचे का? भाऊ म्हणतात, जमिनीचे तुकडे पडतील. भावाभावांत वाटणी होते तेव्हा तुकडे पडत नाहीत काय?

१९८५ साली शहाबानो खटल्याचा निकाल लागला, तेव्हा शरियत वाचवण्यासाठी आपले लोक रस्त्यावर उतरले. पण १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक होते? मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये दुरुस्ती करून ही सूट काढली. तशी मागणी आपण किती सभांतून केली? तलाकच्या प्रश्नावर शरियत आठवते. शेताच्या बांधावर आली की ती थांबते, कारण तिथे पुरुषाच्या हातचे काही जाणार असते.

आणि कायद्यावर तरी सगळे कसे ढकलणार? आमच्या फुफींची नावे वारसनोंदीत लागली होती. ती सरकारने कापली नाहीत. ती आम्ही कापली.

आता अब्बाही गेले. वारसनोंदीची पाळी आमची आहे. आमच्या आपाला ‘एक सही करून टाक’ म्हणणारे घरात आहेत. महामार्गाजवळच्या जमिनीला भाव आल्यापासून त्यांचा आवाज वाढला आहे. आम्ही भावांनी ठरवले आहे : आपाची सही घ्यायची नाही, आणि अब्बांच्या वाट्यात मिसळलेले फुफींचे गुंठे त्यांच्या मुलाबाळांच्या नावे करायचे. याला आम्ही उपकार म्हणत नाही. ३० वर्षे दाबून ठेवलेली अमानत आहे ती.

वाचकांपैकी ज्यांची गावाकडे जमीन आहे, त्यांनी एकदा जुने फेरफार काढून वाचावेत. बहिणीचे नाव कोणत्या नंबराच्या फेरफाराने गेले ते पाहावे. मग शरियतवर बोलायला उभे राहावे.