रूढीचा भार कोणाच्या डोक्यावर?

वाचकहो, ग्रामसभेत विधवा प्रथाबंदीचा विषय निघाला की काय होते, ते आपणांस सांगायला नको. विषय वाचून होतो न होतो तोच मागून कुणी तरी म्हणतो, "वाडवडील काय खुळे होते?" दुसरीकडून एखादा तरुण उसळतो, "त्या बाईचो गुन्हो काय?" आवाज चढतात, निम्मी मंडळी चहाला बाहेर पडतात आणि 'पुढील सभेत विचार व्हावा' असा शेरा पडून इतिवृत्त बंद होते. घरी जाताना म्हातारा म्हणतो, पोरांना संस्कार नाहीत. पोरगा म्हणतो, म्हाताऱ्यांना काळीजच नाही. आमच्या मते दोघेही एकमेकांविषयी चुकीचे बोलतात.

या भांडणाच्या मुळाशी काय आहे, याचा शोध काही विद्वानांनी आपल्याच देशात, भुवनेश्वरात घेतला. रिचर्ड श्वेडर या अमेरिकन अभ्यासकाने सहकाऱ्यांसह तिथल्या आणि शिकागोच्या लोकांना काही प्रसंग सांगून विचारले, यात चूक काय? १९८७ साली ते प्रसिद्ध झाले. बाप वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. विधवा बाई आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाते. शिकागोवाल्यांना यात काही वावगे दिसेना. कुणाचे काही बिघडले नाही, मग पाप कसले? भुवनेश्वरच्या लोकांना मात्र हे घोर वाटले. आपल्या किनाऱ्यावर ते समजावून सांगायची गरज नाही. श्रावणात कुणाच्या चुलीवरून बांगड्याचा वास आला तर शेजारपाजारी काय बोलणे होते, ते ठाऊक आहेच!

पुढे १९९३ मध्ये जोनाथन हाइट नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ तीन महिने भुवनेश्वरात राहिला. बायका मुकाट वाढताहेत आणि पुरुष जेवताहेत, हे पाहून तो आधी बिचकला. पण यजमान प्रेमळ होते, त्याला ते आवडू लागले, आणि मग त्यांच्या बाजूने जग कसे दिसते तेही उमगू लागले. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडले ते थोडक्यात असे. बरेवाईट ठरवायला माणसाजवळ एकच माप नसते. कुणाला इजा होऊ नये, न्याय व्हावा, ही दोन मापे. आपल्या माणसांशी इमान, वडीलधाऱ्यांचा मान आणि पावित्र्य, ही आणखी तीन. २००९ साली त्यांनी दाखवले की अमेरिकेतले सुधारणावादी मुख्यतः पहिल्या दोन मापांनी मोजतात, तर परंपरावादी पाचही मापे जवळजवळ सारखी वापरतात. म्हणजे म्हाताऱ्याला काळीज नाही असे नव्हे. त्याच्या तराजूत आणखी वजने असतात. अर्थात अमेरिकेचे शिक्के आपल्या माणसावर जसेच्या तसे बसत नाहीत. मोबाइलवरून हापूसच्या पेट्या विकणारा आमचा बागायतदार देवाचा कौल घेतल्याशिवाय मोठे काम काढत नाही. त्याला कुठल्या रकान्यात घालणार?

एवढे समजून घेतले म्हणजे सगळ्याच रूढी राखाव्यात असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आचऱ्याची गावपळण घ्या. रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत काढतो आणि परतायलाही पुन्हा कौलच लागतो. बाहेरचा शहाणा याला खूळ म्हणेल. पण त्रास असेल तर तो मानकऱ्यालाही आहे आणि मजुरालाही. आजाऱ्यांची नीट सोय झाली की आमची त्याला हरकत नाही. उलट तीन रात्री सगळ्या वाड्या एका माळावर राहतात, हे आजच्या दिवसांत थोडके नाही.

विधवेचे तसे आहे काय? पावित्र्य सगळ्या गावाचे, मान सगळ्या घराण्याचा आणि बांगड्या मात्र एकटीच्या फुटतात, त्याही नवरा गेला त्याच घटकेला. हळदीकुंकवाला ती दाराआड उभी. पाचही मापे लावा, भार एकीच्याच डोक्यावर पडतो. म्हणूनच या प्रश्नात आम्ही त्या तरुणाच्या बाजूचे आहोत.

पण बाजू बरोबर असली म्हणजे गाव ऐकतोच असे नाही. कोकणाला हे जुने ठाऊक आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा दापोलीजवळच्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. मधली ६५ वर्षे कितीजणींनी काय सोसले, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आता हेरवाडकडे पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हे करण्यास सांगितले. मे २०२२ म्हणजे राजर्षी शाहूंच्या निधनाला शंभर वर्षे झाली तो महिना. शाहूंच्या मुलखात त्यांच्या स्मृतीला धरून केलेली सुधारणा म्हणजे वाडवडिलांचा अपमान कसा म्हणणार? इमान आणि मान ही जुन्यांची मापे तिथे सुधारणेच्याच पारड्यात पडली.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच!) हा विषय सभेत एकदम आपटू नये. आधी गावकर, मानकरी, पुजारी यांच्या ओटीवर जाऊन बसावे. "तुम्ही पुढे होऊन सांगितलात तर गाव ऐकेल" असे त्यांना म्हणावे. ते खोटेही नाही. तरुणांनी "अडाणी" हा शब्द तेवढा घरी ठेवून यावे. आणि ठराव झाला म्हणून कुठल्या बाईला धरून कुंकू लावू नये. लावायचे की नाही, ते तिचे तिने ठरवावे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरतीच होते. पुढच्या वेळी ती खरोखर भरवा आणि ज्यांचे नवरे गेले आहेत त्यांना आधी बोलू द्या. पुरुषांनी त्या वेळी बाहेर थांबावे.