मय्यतीचा पडदा

"मेलेल्याला काय फरक पडतो?" भुशी धरणाची क्लिप पुढे पाठवू नकोस म्हटल्यावर मला हे उत्तर मिळालं. देणारा आपलाच, पाच वक्ताचा नमाजी मुलगा.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसरकडचं एक मुस्लिम कुटुंब अडकलं. एकमेकांना घट्ट धरून उभे असतानाच लोंढ्याने त्यांना ओढून नेलं. एक बाई आणि चार मुलं गेली. 'शिवदुर्ग'ची पोरं पाण्यात मृतदेह शोधत होती, आणि इकडे मोहल्ल्याच्या ग्रुपवर त्यांचे शेवटचे क्षण फिरत होते. खाली 'इन्ना लिल्लाही' लिहिलं की जणू सगळं माफ!

फरक पडतो. आपल्या दीनमध्ये माणूस मेला म्हणून त्याचा हक संपत नाही. आधी त्याचं कर्ज फेडायचं, मग वारसांची वाटणी. गुस्ल देताना मय्यतीवर कापड असतं, भोवती चादर धरतात, आणि गुस्ल देणाऱ्याने आत काही पाहिलं असेल तर ते बाहेर बोलायचं नाही. मेलेल्याचं हाड मोडणं जिवंताचं हाड मोडण्यासारखंच, असं हदीस सांगते. सुप्रीम कोर्टानेही १९९५ मध्ये परमानंद कटारा खटल्यात मान्य केलं की सन्मानाचा हक्क मृतदेहालाही आहे. आणि आपण? जिच्या गुस्लच्या वेळी परक्या पुरुषाला दारातही उभं केलं नसतं, तिचा जीव जाताना जेवता जेवता पाहतो. त्या घरातले जे वाचले, त्यांच्याही हातात मोबाइल आहे.

"पण त्यामुळे लोक सावध होतात ना!" झाले? वर्षही उलटलं नव्हतं, १५ जून २०२५ ला याच मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चार जण गेले. पुन्हा क्लिपा, पुन्हा अंगठे.

सावध करायला दोर लागतो, कठडा लागतो, शनिवार-रविवारी पोलीस लागतात. भुशीनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी बंदीचे आदेश काढले होते. त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला वडगावच्या तहसील कचेरीत एक अर्ज पुरतो. ग्रुपमध्ये आपण दोनशे जण आहोत. या पावसाळ्याआधी मी अर्ज लिहितोय. सही करायला कोण येतंय ते सांगा. आणि क्लिप आली तर ती टाकणाऱ्याला तिथेच, सगळ्यांसमोर टोका, मग तो वयाने कितीही मोठा असो.