अंदाजपंचे बिल्ड

गेले तीन वीकांत इथे काही टाकलं नाही. कारण ऑफिस. आज मात्र लिहिणार आहे, आणि जरा तावातावाने लिहिणार आहे. ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांनी शिंप्याच्या गोष्टीपर्यंत वाचून सोडून दिलं तरी राग नाही. ह. घ्या.

तर झालं असं की दिवाळीत घरी होतो, नशिराबादला. सकाळी ओट्यावर वांगी भाजणं चालू होतं (वांगी बामणोदची, भाजायला तुरीच्या काड्या, गॅसवर भाजलेल्याला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत) आणि फोन वाजला. सर्व्हर झोपलाय. म्हणजे मेलेला नाही, जिवंत आहे, पण एक कोर शंभर टक्के आणि बाहेरची यंत्रं कनेक्ट होतायत, टाइमआउट होऊन तुटतायत, पुन्हा कनेक्ट होतायत. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावून बसलो. शेजारचे काका येऊन डोकावून गेले, "सणासुदीला काय करून राह्यला रे भो?" काय सांगणार!

फोनवर मॅनेजरने निदान आधीच करून ठेवलं होतं. त्याच रिलीजमध्ये आमच्या टीममधल्या एका मुलीने पार्सर बदलला होता. सहा महिन्यांपूर्वी लागलेली, धुळ्याची, म्हणून मला दादा म्हणते. नवीन माणूस, नवीन कोड, सर्व्हर हळू. दोन अधिक दोन. तिने लक्ष्मीपूजनाची रात्र धरून तीन रात्री तो पार्सर उलटासुलटा करून मोजला. त्यात काही नव्हतं.

चौथ्या दिवशी मी सहज एसट्रेस लावून बघितला आणि पोटात गोळा आला. पडद्यावर सतत पोल, पोल, पोल. तिथे ईपोल दिसायला हवं होतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हायवेवरच्या टपरीवर एकच पोऱ्या आहे आणि गिऱ्हाइकं भरपूर. पहिली पद्धत: प्रत्येक फेरीला प्रत्येक बाकड्यापाशी जाऊन विचारायचं, "काही पाहिजे का?" ही सिलेक्ट आणि पोलची पद्धत. सिलेक्ट 1983 च्या 4.2 बीएसडीपासून आहे आणि लिनक्सवर त्याची पाटी 1024 नंबरांवर संपते. पोलला ती मर्यादा नाही, पण फेरी तीच. दहा बाकडी असतील तर काही बिघडत नाही. सात हजार बाकडी असतील आणि त्यातल्या एकालाच चहा हवा असेल तरी पोऱ्या सात हजार ठिकाणी फिरतो. दुसरी पद्धत: बाकड्यांनी आधी नाव नोंदवायचं, ज्याला हवं त्याने घंटी वाजवायची. हे लिनक्सवरचं ईपोल (2002), फ्रीबीएसडी आणि मॅकवरचं केक्यू (2000), सोलारिसवरचे इव्हेंट पोर्ट्स. विंडोजचं आयओसीपी आणखी वेगळं. तिथे "चहा तयार आहे, येऊन घे" असं सांगत नाहीत, चहा हातात देऊनच सांगतात, "काम झालं."

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचा खाक्या वेगळा, म्हणून लिबइव्हेंट, लिबइव्ही, लिबयूव्ही या लायब्रऱ्या. तुम्ही एकदाच लिहा, आम्ही खाली योग्य ते वापरू. छान. आता प्रश्न असा की "योग्य ते" कोण ठरवतं आणि कधी ठरवतं? बहुतेक वेळा बिल्ड करताना, बिल्डच्या मशीनवर, अंदाजाने. माझं भांडण नेमकं इथे आहे.

आमचा किस्सा पूर्ण करतो. आम्ही लिबइव्हीचा सोर्स थेट आमच्या प्रोजेक्टमध्येच ठेवला होता. तसं करायची सोय त्यात मुद्दाम दिलेली आहे, कॉन्फिगर स्क्रिप्ट न चालवता. अशा वेळी ईपोल घ्यायचं की नाही हे तो कोड काही मॅक्रो बघून ठरवतो: लिनक्स आहे आणि ग्लिबसी 2.4 किंवा त्यापुढची आहे, तर घे. नाहीतर सोड. गेली काही वर्षं हे बरोबरच होतं. मग कोणीतरी डॉकरची इमेज लहान करायची म्हणून बेस बदलून अल्पाइन केला. अल्पाइनमध्ये ग्लिबसी नाही, मसल आहे. मसलमध्ये ईपोल आहे, खालच्या कर्नलमध्ये तर आहेच, पण ग्लिबसीची खूण दिसली नाही म्हणून ईपोल वगळलं गेलं आणि पोल लागलं. ना एरर, ना वॉर्निंग. टेस्टमध्ये पन्नास कनेक्शन, सगळं हिरवं. रिलीजनंतर पहिले काही आठवडे थोडीच यंत्रं नव्या आवृत्तीवर होती, तेव्हाही सगळं ठीक. दिवाळीच्या आठवड्यात बाकीची आली, आकडा सात-आठ हजारांवर गेला, आणि पोऱ्या धावून धावून पडला.

ते "कोणीतरी" म्हणजे मी. बेस इमेज मीच बदलली होती, आणि इमेज किती लहान झाली याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून चार अंगठेही मिळवले होते. लिबइव्हीच्या मॅन्युअलमध्ये ग्लिबसीची ती अट स्वच्छ लिहिलेली आहे. मी वाचली नव्हती.

म्हणून मला "अरे, डॉक्युमेंटेशन वाचायचं ना" हे उत्तर मान्य आहे, पण पुरेसं वाटत नाही. चूक माझी होती आणि रात्री तिने जागवल्या. आवाज न करता खाली घसरणाऱ्या डिफॉल्टचं हेच होतं. बिल्ड फुटला असता तर ज्याने बदल केला त्याच्याच तोंडावर फुटला असता, दहा मिनिटांत. तो फुटला नाही, म्हणून महिन्याभराने सगळ्यात नवा, सगळ्यात कमी बोलणारा माणूस सापडला.

लहानपणी एका दिवाळीला मी तापाने पडलो होतो. कपडे शिवायला टाकायचे होते, तर आईने चुलतभावाला शिंप्याकडे पाठवलं, "सारखेच आहेत दोघं, याचंच माप घ्या." शिंपीकाकांनी नीट माप घेतलं, टेप सरळ धरला, आकडे वहीत लिहिले. माप शंभर टक्के बरोबर होतं. फक्त माणूस चुकीचा होता. ती पँट मी वर्षभर दोरी बांधून घातली.

कॉन्फिगर स्क्रिप्ट नेमकं हेच करते. त्या काळी, म्हणजे 1991 मध्ये ऑटोकॉन्फ लिहिलं गेलं तेव्हा, ते योग्यच होतं. सोर्स टारबॉलमध्ये यायचा, तुम्ही तो स्वतःच्या मशीनवर उघडायचा, तिथेच बिल्ड करायचा, तिथेच चालवायचा. ज्याचं माप त्याचेच कपडे. शिवाय तेव्हा मशीनं खरोखरच वेगळी असायची. आपल्या सी-डॅकचंच बघा. 1991 चा परम 8000 ट्रान्सप्युटरवर, 1998 चा परम 10000 सनच्या अल्ट्रास्पार्कवर आणि सोलारिसवर, 2003 मध्ये टॉप 500 च्या यादीत 171 वा आलेला परम पद्म आयबीएमच्या पॉवर4 वर आणि एआयएक्सवर, 2008 चा परम युवा इंटेल आणि लिनक्सवर. सतरा वर्षांत एकाच संस्थेच्या दारात चार वेगळ्या जातीची यंत्रं! सुपरकॉम्प्युटरवर कोणी हजारो सॉकेटची लूप फिरवत नाही हे मलाही कळतं, पण त्या काळात पोर्टेबल सी लिहिणाऱ्याने "आधी विचारून घे" ही सवय का लावून घेतली ते यावरून कळावं. त्या लोकांना मी नावं ठेवत नाही.

आज मात्र बिल्ड होतो कुठल्यातरी भाड्याच्या कंटेनरमध्ये, चालतो भलतीकडेच. अशा वेळी "चेकिंग फॉर अमुक... येस" या ओळीचा अर्थ काय? 2016 मध्ये एक्सकोड 8 आलं तेव्हा मॅकवाल्यांना हे चांगलंच समजलं. क्लॉक गेट टाइम हे फंक्शन मॅकवर 10.12 मध्ये आलं. पण 10.11 वर एक्सकोड 8 टाकलं की त्याबरोबर 10.12 चा एसडीके यायचा. कॉन्फिगर विचारायचं, फंक्शन आहे का? लिंकर म्हणायचा, आहे. बिल्ड यशस्वी. चालवायला गेलं की सिम्बॉल सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम खलास. इव्हेंट लूपला टायमरसाठी घड्याळ लागतंच, त्यामुळे आमच्या जातीच्या लायब्रऱ्याही त्यात सापडल्या.

क्रॉस कंपाइल करणाऱ्यांचं दुखणं तर वेगळंच. लिबइव्हेंटची कॉन्फिगर स्क्रिप्ट केक्यू नुसतं आहे का ते बघून थांबत नाही, एक छोटा प्रोग्रॅम चालवून ते धड चालतं का हेही बघते. हेतू चांगला आहे. पण एआरएमसाठीचा प्रोग्रॅम इंटेलच्या मशीनवर चालवणार कसा? मग उत्तर तुम्हीच आधी भरून द्यायचं. मला विचाराल तर हे उलट बरं! निदान कोणीतरी जबाबदारीने काहीतरी लिहितं.

आता ऑफिसातल्या मित्राचा नेहमीचा युक्तिवाद: "लिबयूव्ही वापर आणि झोप." त्यात तथ्य आहे. नोडच्या पोटात सुरुवातीला युनिक्सवर लिबइव्हीच होती, नंतर ती काढून टाकली गेली. लिबयूव्हीमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम कोणती एवढंच बघतात आणि त्यानुसार फाइलींची यादी ठरते. लिनक्स असेल तर ईपोल, मॅक असेल तर केक्यू, विंडोजसाठी वेगळी डिरेक्टरीच. निवड नाही म्हणून अंदाजही नाही. मला हे आवडतं. पण म्हणून झोप लागते असं नाही. 2023 मध्ये 1.45 आवृत्तीत त्यांनी फाइलींच्या कामासाठी आयओ युरिंग आणलं. आता बिल्डच्या हेडरमध्ये आयओ युरिंग असेल, सर्व्हरच्या कर्नलमध्येही असेल, आणि तरी डॉकरच्या सेककॉम्प प्रोफाइलने ते अडवलेलं असेल. हे बिल्डच्या वेळी जगातल्या कुठल्याही स्क्रिप्टला कळणं शक्य नाही. चालताना विचारलं तरच कळतं, आणि लिबयूव्ही चालतानाच विचारते.

आणि मॅकबुकवर "माझ्याकडे तर चालतंय" म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. लिबइव्ही मॅकवर केक्यूसकट बिल्ड होते, पण ते तिथे नीट चालत नाही असं लेखकाचं मत असल्याने डिफॉल्टमध्ये निवडत नाही. पोलही नाही. सरळ सिलेक्ट! म्हणजे तुम्ही लॅपटॉपवर जे मोजताय त्याचा आणि सर्व्हरवर जे चालणार आहे त्याचा काही संबंध नाही. कॅफेत बसून बेंचमार्क काढणाऱ्या मंडळींनी याची नोंद घ्यावी :)

मग करायचं काय? सगळं चालतानाच ठरवा, असंही मी म्हणत नाही. हेडरच नसेल तर कोड कंपाइल होणार नाही, त्यामुळे बिल्डला काही प्रश्न विचारावेच लागतात. माझं म्हणणं एवढंच की प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर गपचूप दुसरं उचलायचा हक्क बिल्डला नाही. मला ईपोल हवं असेल तर मी तसं लिहीन, आणि नसेल मिळत तर बिल्ड फोडा. तुम्हाला कुठेही चालणारं काहीतरी हवं असेल, जुन्या एखाद्या युनिक्सवर हौस म्हणून, तर तुम्ही तसं लिहा: "काहीही चालेल." हे दोन वेगळे लोक आहेत आणि आजचं डिफॉल्ट दुसऱ्याची सोय बघतं, भरतो मात्र पहिला.

यावर एकाने मला सुनावलं की असं केलं तर निम्मी पॅकेजेस बिल्डच होणार नाहीत. नकोत व्हायला! न झालेलं बिल्ड दुपारी चार वाजता कळतं. चुकीचं झालेलं लक्ष्मीपूजनाला कळतं.

गंमत म्हणजे लिबइव्हीतच याची सोय आहे. कोणते बॅकएंड कंपाइल झालेत हे सांगणारं फंक्शन वेगळं, कोणते शिफारसयोग्य ते वेगळं, आत्ता कोणतं चालू आहे ते वेगळं. लूप बनवताना फक्त ईपोल मागितलं आणि ते नसेल तर हातात नल येतो. म्हणजे लेखकाला हा फरक पूर्ण कळलेला होता. आम्ही मात्र डिफॉल्ट लूप मागितली, मिळेल ती घेतली आणि कधी विचारलंच नाही. आता आमच्याकडे कंपाइल करताना ईपोलचा मॅक्रो हाताने एक केलेला आहे, लूप बनवताना फक्त ईपोल मागतो, नल आला तर प्रोग्रॅम तिथेच मरतो, आणि लॉगच्या पहिल्या ओळीत बॅकएंडचा आकडा छापतो. सिलेक्ट 1, पोल 2, ईपोल 4, केक्यू 8. सगळं मिळून दहा-बारा ओळी. याला तीन रात्री आणि एक दिवाळी लागली.

सुट्टी संपवून पुण्याला आलो त्या सोमवारी सगळ्या टीमला मेल लिहिली: बेस इमेज मी बदलली, पार्सरचा काही संबंध नव्हता, मोजलेले आकडे सोबत जोडले आहेत. मॅनेजरचं उत्तर दोन शब्दांचं होतं, "थँक्स, नोटेड." पार्सरवर आधी जे बोलले गेले त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. तिचा मात्र दुपारी मेसेज आला, "दादा, ते एसट्रेस कसं वाचायचं ते दाखवशील का?" दर शुक्रवारी पाच वाजता बसतो आता. पुढच्या शुक्रवारी परफ.